खाऱ्या झाडाचं वांगं

पिराजी आप्पा रोज सकाळी भरलेला तांब्या घेऊन गच्चीवर यायचे आणि भरलेला तांब्या घेऊनच खाली जायचे.

मी मलकापूरहून एम.ए. करायला आले होते आणि मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. माझ्या खिडकीतून जिना दिसायचा. आधी खोकला वर यायचा, मग तांब्या, मग आप्पा. पूर्वेला तोंड करून ते सूर्याला अर्घ्य द्यायचे. त्यात मात्र त्यांचा हात आखडता असे. धार वगैरे नाही, चार थेंब शिंपडले की सूर्याचं झालं. मग ते गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात जायचे, तिथे पाण्याचा बुडबुड आवाज व्हायचा, आणि परत येताना तांब्यावर पंचा झाकलेला असायचा.

"काय मलकापूर, संपली का पुस्तकं?" जाता जाता ते विचारायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

"नाही आप्पा, अजून बरीच आहेत."

"मग लिवणाऱ्यांस्नी कुणीतरी सांगायला पायजे, आता बास करा म्हणून."

आप्पांनी उभा जन्म शहर बस चालवली आणि संध्याकाळी तालमीत पोरांना कुस्ती शिकवली. पेठेत त्यांना वस्ताद म्हणायचे. चुरगळलेल्या पुरीसारखे कान, दारातून आत येताना जरा तिरके करावे लागणारे खांदे. त्यांनी कुठलं मोठं मैदान मारलं नव्हतं. त्यांची गाजलेली कुस्ती एकच, आणि ती बरोबरीत सुटली होती. ती हकीकत सांगताना ते इतके रंगून जात की ऐकणाऱ्याला वाटावं, जिंकणं हा जरा हलकाच प्रकार असतो.

अशा माणसाचं मीठ डॉक्टरांनी बंद केलं होतं. रक्तदाब फार वाढलेला. राजारामपुरीतले डॉक्टर म्हणाले होते, "वस्ताद, मीठ आणि तुम्ही, यातलं एकच घरात राहील." त्या दिवसापासून आप्पांच्या सूनबाई, संयोगिताकाकू, त्यांच्यासाठी वेगळी भाजी शिजवू लागल्या. मिठाची बरणी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला आली.

"बसची किल्ली चाळीस वर्षं माझ्याकडं हुती," आप्पा म्हणायचे, "एक माणूस मारला न्हाय. आणि हितं मिठाच्या बरणीला माझा भरवसा न्हाय."

"बसला चव नव्हती मामंजी," काकू म्हणायच्या आणि अळणी आमटी पुढे सरकवायच्या.

गंमत अशी की ज्या घरात आजोबांना चिमूटभर मीठ मिळत नव्हतं, त्याच घरात नात वांग्यांच्या रोपांना कॅनच्या कॅन खारं पाणी पाजत होती.

अनुजा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिचं आजोळ शिरोळकडचं. तिथे उसाला पाणी पाजून पाजून जमिनीवर मिठाची पांढरी साय धरलेली तिने लहानपणापासून पाहिली होती. अशा जमिनीत पाणी असतं, पण मीठ ते धरून ठेवतं आणि मुळाला सोडत नाही. शेत ओलं, झाड तहानलेलं. ही तहान दुष्काळातल्या तहानेसारखीच. मग झाड काय करतं, तर आपल्या पेशींमध्ये काही पदार्थ तयार करतं. प्रोलीन नावाचा एक, काही साखरा, आणखी एकदोन. हे पदार्थ झाडाला अपाय न करता पाणी आत ओढून धरतात आणि आतला कारभार मोडू देत नाहीत. मामाच्या शेतातल्या बियांची वांगी हे कितपत जमवतात, हा अनुजाचा प्रकल्प होता. कॉलेजच्या जाळीघराचं छप्पर दुरुस्तीला निघालेलं, म्हणून तिच्या इरावती मॅडमनी तिला घरच्या गच्चीवर कुंड्या मांडायची परवानगी दिली होती. अर्ध्या कुंड्यांना निळ्या कॅनमधलं साधं पाणी. उरलेल्यांच्या पाण्यात लाल कॅनमधलं दाट खारं पाणी मापाने मिसळायचं.

प्रकल्प चांगला झाला तर मॅडम तिला पुढच्या संशोधनाला घेणार होत्या. नाही झाला तर वडिलांच्या, म्हणजे विजयसिंहकाकांच्या, पाइप-मोटारीच्या दुकानात एक खुर्ची रिकामी होती. काकांनी ती पुसूनही ठेवली होती. वाईट हेतू नव्हता. त्यांना खरंच वाटायचं की पोरीला खुर्चीची गरज आहे. अनुजा रात्री जेवताना त्या खुर्चीचं नाव निघालं की घास चावायची थांबायची.

पाऊस उघडला, ऊन चढलं आणि गच्चीवर नवल घडायला लागलं. साध्या पाण्याची वांगी टवटवीत होती. खाऱ्या पाण्याचीही तितकीच टवटवीत होती. पान न सुकता, कड न करपता.

"मिठाला भीकच घालेनात गं!" अनुजा माझ्या खोलीत येऊन नाचली. "आजवर कुणाला असं वाण मिळालं नसेल!"

खाली बातमी गेली. विजयसिंहकाकांनी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली, मग ते मोटार घ्यायला आलेलं असो की वॉशर. फक्त आप्पांनी त्या दिवशी आधी रिकामा तांब्या पंचाने उगाचच पुसला. मग एकदम म्हणाले, "आमच्या घरातली वांगी हायत. मिठाला भितील व्हय?" आणि तांब्या घेऊन उठले.

त्याच सुमारास घरात दुसरं एक नवल चाललं होतं. आप्पांचा रक्तदाब उतरायचं नाव घेत नव्हता. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली, मग दुसरी, आणि शेवटी काकूंकडे बघून म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. सासऱ्यांची दया येते ना?"

काकू घरी आल्या त्या धुमसतच. "माझ्या हातनं खडा पडला असंल तर हात झडू देत! आणि मामंजी, तुमच्या ताटातला रस्सा रोज पातळ कसा हुतोय? मी तर दाट वाढते."

"माझी लाळ गळतीया," आप्पा म्हणाले. "अळणी बघून."

मग अनुजाने पानांची तपासणी केली. पान कुटायचं, त्यात रसायनं घालून उकळायचं. पानात प्रोलीन जितकं जास्त, तितका नळीत वर लाल रंग गडद चढतो. साध्या पाण्याच्या पानांचा रंग फिका यायला हवा होता आणि खाऱ्या पाण्याच्या पानांचा लालभडक. सगळ्या नळ्या फिक्या आल्या. तिने पुन्हा केलं. पुन्हा फिक्या, लग्नातल्या सरबतासारख्या.

इरावती मॅडमनी नळ्या उजेडात धरल्या. त्या कमी बोलायच्या आणि काही खटकलं की चष्मा काढायच्या.

"अनुजा, ही रोपं फार सुखात आहेत."

"हो ना मॅडम! तेच म्हणते मी."

"मी तक्रार करतेय. झाड संकट नसताना प्रोलीनचा साठा करत बसत नाही. मीठ पचवणारं झाड मिठाशी झगडताना दिसलं असतं, निदान नळीत. यांना मीठ मिळालेलंच नाही." त्यांनी चष्मा काढला. "तुझी वांगी खोटं बोलणार नाहीत. कॅन तपास."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा लाल कॅनपुढे उकिडवी बसली. तिला कॅनमधलं चाखून बघायचं कधी सुचलंच नव्हतं. प्रयोगाचं काहीही तोंडाला लावायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. काकू कपडे वाळत घालायला वर आल्या होत्या. त्यांना असली शिस्त नव्हती. त्यांनी बोट बुडवलं आणि चाटलं.

"ह्यात मीठ कुठाय?"

"आई, अगं दाट खारं पाणी आहे ते! भातात चमचाभर पडलं तरी भात खारट होईल."

"ह्यात भात शिजवला तर अळणीच ऱ्हाईल. पंचवीस वर्षं सैपाक करतीया, मला मीठ शिकवू नगंस."

तेवढ्यात जिन्यात खोकला झाला, मग तांब्या दिसला, मग आप्पा. त्या दोघींना कॅनपाशी आणि मला खोलीच्या दारात बघून ते पायरीवरच थबकले.

"मामंजी, तांब्यात काय हाय?"

"पाणी."

"प्या बघू."

आप्पा तांब्या वर करून घटाघटा पाणी प्यायले. साधंच पाणी होतं. मिशा पुसून त्यांनी सुनेकडे असं पाहिलं की कुणालाही शरम वाटावी. काकूंना वाटलीही. त्या कपड्यांचा पिळा उचलायला वाकल्या. सगळं मिटलंच होतं, तेवढ्यात मी दारातूनच म्हणाले, "पण आप्पा, तुम्ही तर रोज तांब्या भरलेलाच खाली नेता."

काकूंनी उचललेला पिळा परत बादलीत टाकला. 

आप्पा माझ्याकडे वळले. "मलकापूर," ते म्हणाले, "तुझी एस्टी कवा हाय?"

पुढचं सगळं हळूहळू बाहेर आलं. आषाढापासून ते रोज लाल कॅनमधलं एक तांब्या खारं पाणी नेत होते. दिवसभर भाकरीबरोबरचं कोरड्यास म्हणू नका, आमटी म्हणू नका, सगळ्यांत त्याची धार सोडत होते. आणि नेलं तेवढं साधं पाणी कॅनमध्ये भरून ठेवत होते. रोज कॅन थोडा अळणी होत होता, म्हणून अलीकडे तेवढ्याने भागेना. तेव्हा त्यांनी संध्याकाळचंही अर्घ्य सुरू केलं होतं.

"मीबी म्हणतोय, मिठाला पयल्यासारखी धार का न्हाय," ते म्हणाले.

"मामंजी, चोरी केलीसा तुम्ही! ह्या वयात!"

"चोरी कशी? एक थेंब कमी केला न्हाय मी. जेवढं नेलं तेवढं भरून ठेवलंय की!" त्यांनी कॅनवर थाप मारली. "बघ, काठोकाठ हाय."

कुणीतरी हसलं असतं. पण अनुजा कुंड्यांच्या मधे बसून रडायला लागली. आवाज न करता, हातातली कात्री तशीच धरून.

"आप्पा, माझं सगळं पाणी झालं," ती म्हणाली. "आता काय दाखवू मॅडमना? वॉशरच विकायचे मी."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. एवढा मोठा माणूस, त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी ते एकदा पाठीमागे घेतले, एकदा पुढे. त्या क्षणापर्यंत त्यांना वाटत होतं की मीठ कमी पडलं तर झाडांचं भलंच होतंय, आणि झाडं तर खुशीत आहेत. आपण खाल्लं ते नातीचं वर्ष होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"परत पेरता येतंय का गं?" त्यांनी हळू विचारलं.

येत होतं. मॅडम म्हणाल्या, मोठी झाडं नकोत, रोपांवरच करू. लगेच पेरलं तर सादर करायच्या आधी जेमतेम उरकेल. मात्र आता एकही चूक चालणार नाही. शिवाय मीठ एकदम द्यायचं नाही. रोज थोडं थोडं चढवायचं, म्हणजे रोपाला तयारी करायला वेळ मिळतो.

"म्हंजी जोर-बैठका!" आप्पा उभेच राहिले. "पयल्या दिवशी पोरगं मोडायचं न्हाय. मग ह्यांचा वस्ताद मी."

"तुम्ही?" काकूंनी कमरेची किल्ली घट्ट धरली.

"मीच. चोराला म्हाईत असतंय कुठनं आत शिरायचं ते."

अनुजाने लाल कॅनचं झाकण त्यांच्या हातात दिलं. तिच्या आईला ते वेडेपणाचं वाटलं. मला आजही वाटतं, घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

आप्पांनी गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची टाकली. सकाळी अनुजा माप द्यायची, ते ओतायचे. रोपांना ते खारी आणि गोडी म्हणत नव्हते. खाऱ्या पाण्याची ती 'माझी' आणि साध्या पाण्याची ती 'ती तिकडची'. लाल कॅनमधून पाणी ओतताना त्यांच्या नाकपुड्या फुगायच्या.

"अनू, नुसतं बोट?"

"नाही आप्पा."

"करंगळी?"

"आप्पा!"

"बरं, बरं. इच्चारलं आपलं."

मीठ चढत गेलं तशी 'माझी' रोपं मलूल होऊ लागली. पानांच्या कडा वळल्या. एका दुपारी ऊन इतकं होतं की खाऱ्या रांगेतली रोपं माना टाकून पडली, आणि शेजारची साध्या पाण्याची जेवून उठल्यासारखी उभी होती. अनुजा कॉलेजला, काकू खाली. माझ्या दारावर थाप पडली.

"मलकापूर, मला ह्या खोलीत कोंड."

"काय झालं आप्पा?"

"भाईरनं कडी लाव आणि ऊन उतरंपतुर उघडू नगंस. न्हायतर मी त्यांस्नी साधं पाणी पाजणार." त्यांच्या दुसऱ्या हातात निळा कॅन होता. त्यांनी तो माझ्याकडे दिला, शस्त्र खाली ठेवावं तसा. "तालमीच्या हौद्यात, मातीत, पोरगं पडलं तर मी कवा हात दिला न्हाय. खरं ते पोरगं बोंबलत तरी असतंय. ही गप पडल्यात."

मी त्यांना कोंडलं आणि जिन्याच्या सावलीत जाऊन बसले. आतून आधी येरझाऱ्या ऐकू आल्या, मग माझी पुस्तकं हलल्याचा आवाज, मग घोरणं. ऊन कलल्यावर कडी काढली, तर आप्पा माझ्या परीक्षेच्या पुस्तकांची उशी करून झोपले होते. ते तसेच अनवाणी बाहेर धावले.

रोपं उठली होती. सगळी नाही, पण बरीचशी. माना वर होत्या, पानं जरा जाड, जरा काळपट, कडेला करपलेली.

"उठली," आप्पा म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि उन्हाला एक शिवी दिली.

तपासणीच्या दिवशी अनुजाने नळ्यांचा फोटो मोबाइलवर आणला. साध्या पाण्याच्या नळ्या फिक्या, खाऱ्या पाण्याच्या लालभडक. वाण काही जगावेगळं निघालं नव्हतं. काही रोपं मेली होती, बाकीची झगडून टिकली होती. पण ती का टिकली हे आता दिसत होतं. इरावती मॅडमनी नळ्या बघून चष्मा काढला नाही. एवढ्यावरून अनुजाला कळलं की तिला पुढे घेतलं आहे. विजयसिंहकाकांनी त्या खुर्चीवर दुकानातला पंखा ठेवला.

आप्पा फोटो लांब धरून बघत राहिले. "एवढं लाल मिठाचा तरास काढून?"

"हो आप्पा."

"मग मला मीठ न मिळाल्याचा तरास हाय त्याचं काय? माझाबी एक तुकडा उकळून बघा. नळी फुटंल."

उरलेली रोपं मोठ्या कुंड्यांत गेली आणि थंडीत त्यांना वांगी लागली. काकूंनी त्यांचं भरीत केलं, अर्थात अळणी. आप्पांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"मीठ हाय ह्यात."

"नाही हो मामंजी, चिमूटभर न्हाय घातलं."

"तू न्हाय घातलंस. झाडानं घातलंय. आतनं हाय."

अनुजाने समजावलं की झाड बरंचसं मीठ मुळाशी आणि जुन्या पानांत अडकवून ठेवतं, फळात चवीला कळण्याइतकं येत नाही. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "तू पुस्तकात वाचलंयस," ते म्हणाले. "मी खाल्लंय." आणि भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

त्या दिवसानंतर घरात मिठाची भांडणं थांबली. रक्तदाब उतरला, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि काकूंची माफीही मागितली. गच्चीवरची वांगी संपली तेव्हा काकू अडचणीत आल्या. त्यांनी दोन दिवस विचार केला, मग मंडईतून वांगी आणली, शिजवली आणि ताट वाढताना तोंड जरा दुसरीकडे करून म्हणाल्या, "खाऱ्या झाडाचं हाय." आप्पांनी पानात बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि जेवले. पुढे दोडका आला, गवार आली, एकदा तर फ्लॉवर आला. सगळं खाऱ्या झाडाचं. गच्चीवर रिकाम्या कुंड्या एकीत एक घालून ठेवलेल्या होत्या आणि आप्पा रोज सकाळी त्यांच्याजवळूनच तांब्या घेऊन जायचे. हल्ली सूर्याला पूर्ण धार मिळायची. तांब्या रिकामा खाली जायचा.

पुढच्या वर्षी, माघात, एका दुपारी ते जेवून झोपले आणि उठले नाहीत. चेहऱ्यावर काही त्रास नव्हता. काकू अजून त्या जेवणाबद्दल बोलतात. मंडईतलं वांगं होतं, मीठ नव्हतं. मीही ताक घ्यायला माझ्या खोलीतून खाली गेले होते आणि दारातच उभी होते. आप्पांनी ताट बोटाने निपटून पुसलं, तांब्यातलं पाणी प्यायले, आणि उठता उठता सुनेला दटावलं, "संयोगिता, मीठ जरा जास्त झालंय गं आज. मला बीपी हाय, ध्यानात ठेवत जा की."